सिस्टर आणि दोन आयांचा धोंडबा

“बोलत न्हाई ती. पर मशीन ऐकती तिचं.”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हटलेलं होतं. पण सिस्टरांचा खाली आणलेला आवाज म्हणजे इतरांचा साधा आवाज. मी आतल्या खोलीत फरशीवर बसून त्यांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पत्रा उघडत होते. बाहेर गच्चीत त्यांच्या भाच्याची बायको, संगीताताई, उभ्या होत्या.

“पर आत्याबाई, बैठक पुढच्या रविवारी हाय. मशीनच जळालं तर खंडू आबाला दाखवायचं काय? माझ्या पोरीची सोयरीक मोडून राहिले ते लोक.”

“जळालं न्हाई. बेशुद्ध हाय. तू घरी जा, अन पूजाला म्हणावं पोटभर जेव. काल पापणी बघितली तिची. पांढरीफट्ट हाय.”

संगीताताई गेल्या. सिस्टर आत आल्या, कमरेवर हात ठेवून उघड्या डब्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नाडी लागती का?”

मी मान हलवली. लागत नव्हती. विजेच्या झटक्यात बोर्ड गेला होता, हे वासावरूनच कळत होतं. पण हार्ड डिस्क बाजूला काढून हातात घेतली तेव्हा वाटलं, ही वाचली असावी. ती मी त्यांना दाखवली.

“हे काय, काळीज हाय का डोकं?”

“डोकं,” मी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्या घरात बोललेला हा एकमेव शब्द असावा.

सिस्टर म्हणजे कौसल्याबाई. आखाडा बाळापूरच्या आसपासच्या उपकेंद्रांमध्ये त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. नवरा लवकर गेला होता, मुलगी नाशिकला दिली होती. कौसल्याबाई हे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर. गावाला त्या सिस्टरच होत्या, आणि निम्म्या गावाला त्या पहिल्यांदा उलटं धरून भेटलेल्या होत्या.

त्यांचा जन्म मेंढरांमागचा. माहेरचं आडनाव कोकरे. त्यांची माणसं पावसाळा संपला की कळप घेऊन निघायची ती उन्हाळ्यापर्यंत चालत राहायची, आणि तशाच एका चालीत वारंगा फाट्याजवळ सिस्टर जन्मल्या. ज्या जागी जन्मल्या तिथं आता टायरचं दुकान आहे. बसनं नांदेडला जाताना फाटा आला की त्या शेजारी कोण बसलंय हे न बघता काचेतून बोट दाखवायच्या. “ते बघा, माझं जन्मगाव. पंक्चर काढून राहिलाय तिथं.” हे त्या नुसतं सांगून थांबल्या नाहीत. एकदा त्या बसमधून उतरून दुकानात गेल्या आणि टायरवाल्याला म्हणाल्या, की मी इथली मूळची रहिवासी आहे, चहा पाज. त्यानं पाजला. पुढं त्यांच्या नांदेडच्या प्रत्येक फेरीत पाजला. परतताना त्या त्याच्या बायकोसाठी लोहाच्या गोळ्या न्यायच्या.

आणि ती पापणी. बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा लावून पापणी खाली ओढायची, आतला रंग बघायचा आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू करायचं. भाजीवाली, पोस्टमन, कोणीही त्यातून सुटलं नाही. मला बघायला एकदा पुण्याहून मुलगा आला होता. आईनं पोह्यांसाठी लिंबू कमी पडलं म्हणून सिस्टरांकडे मागितलं. लिंबू घेऊन त्या स्वतः आल्या. मुलगा आपल्या पॅकेजबद्दल काहीतरी सांगत होता. सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, पापणी ओढली, नंतर दुसरी ओढली, आणि बाबांना म्हणाल्या, “रक्त बराबर हाय. पुढचं तुमी बघा.” तिथं जमलं नाही, पण ते वेगळ्या कारणानं. मी मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले होते. ओढणी नव्हती, आईचा पदर होता.

मी नांदेडला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. इंजिनिअरिंग करून घरी परत आले ती पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घेऊन, जे घरात दार लावून करता येतं. गावात माझी ओळख एकाच शब्दाची होती. बाबांचं औषधांचं दुकान आहे, म्हणून मी मेडिकलवाल्यांची. ते मला सोयीचं होतं. कोणी “कोणाची गं तू?” विचारलं की एवढं सांगून पुढं सटकता यायचं.

सिस्टरांसमोर ते चाललं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी जिन्यात अडवलं.

“कोणाची?”

“मेडिकलवाल्यांची.”

“दुकानानं जल्म दिला का तुला? मायचं नाव सांग.”

“मंगल.”

“तिची माय?”

“कावेरी.”

“तिची?”

मला माहीत नव्हतं. मी वर बघितलं, खाली बघितलं. सिस्टरांनी जिना मोकळा केला. “जा. तिसऱ्या पायरीवर समदेच अडकतात. मीबी अडकले होते.”

त्या अडकल्या होत्या म्हणून तर तो कॉम्प्युटर आला होता. त्यांच्या माहेरच्या भावकीत वंशावळ सांगायचा मान खंडू आबांचा. लग्नकार्याला आबा मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि सुरू करायचे. बिरू, बिरूचा मल्हारी, मल्हारीचा धोंडबा, धोंडबाचा खंडू, म्हणजे आबांचे त्याच नावाचे आजोबा, आणि तसंच खाली. एका दमात, न अडखळता, ऐकत राहावं असं. सिस्टरांनी एका लग्नात मधेच विचारलं होतं, “आबा, हे समदे गडीच कसे? पोरं गड्यांनीच काढली का?” मांडव हसला. आबा म्हणाले, “कौसे, बायांची नावं कोण धरून ठेवतं? बाई म्हंजी आज हिकडं, उद्या तिकडं.” सिस्टर म्हणाल्या, “मी धरते.”

पुढं त्यांच्या पुण्यातल्या पुतण्यानं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि त्यात वंशवृक्ष मांडायचा एक प्रोग्रॅम घालून दिला. माणसागणिक एक चौकोन, चौकोनातून निघणाऱ्या रेषा. सिस्टर भिडल्या. नोकरीत जिथं जिथं बाळंतपणं केली होती तिथं तिथं परत गेल्या. म्हाताऱ्या बायांच्या शेजारी बसायचं, पापणी बघायची आणि विचारायचं, “तुमची सासू कोणाची लेक? तिची सासू?” घरी येऊन मराठी टायपिंगच्या जुन्या फॉन्टमध्ये, दोन बोटांनी, ते चौकोन भरायचे. कोकऱ्यांचं झालं, मग ज्यांच्याशी सोयरिकी होतात त्या घरांचं सुरू केलं. बायांची नावं सगळी माहेरासकट. आणि हे करताना एकच नियम पाळला, तो त्यांनी मला फार अभिमानानं सांगितला होता.

“ते मधेमधे इंग्लिशमधे कायबाय विचारतं. आपुन येस दाबायचं. सरकार अन कॉम्प्युटर, दोघांला व्हय म्हणलं की गप बसतात.”

आता पूजाची गोष्ट. पूजा ही संगीताताईंची मुलगी, हिंगोलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिथंच तिला औंढा नागनाथजवळच्या गोरे घराण्यातला मुलगा भेटला. दोघांच्या घरी पसंत पडलं, देणंघेणं काही नाही, सुपारी फोडायची तेवढी बाकी. आणि तेव्हा खंडू आबांनी डोळे मिटले आणि उघडून सांगितलं, की हे लग्न होऊ शकत नाही. कोकऱ्यांचा धोंडबा मल्हारी फार पूर्वी कळप घेऊन औंढ्याकडे गेला तो परत आलाच नाही. गोऱ्यांचा मूळपुरुष कोण? धोंडबा मल्हारी. म्हणजे गोरे हे कोकरेच. नाव बदललं, रक्त तेच. भाऊबहिणीचं लग्न लावता का?

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि त्यांच्या शब्दावर भावकी चालत होती. पूजा तिच्या आईला म्हणाली होती, की आबांनी नाही म्हटलं तर मी पळून जाणार नाही, पण दुसरीकडे उभीही राहणार नाही. हे मला सिस्टरांनी सांगितलं. “अशी पोरगी जास्त अवघड,” त्या म्हणाल्या. “रडती बी न्हाई.”

सिस्टरांनी आधीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की गोरे वेगळे, कोकरे वेगळे, माझ्या मशीनमधे समदं हाय, दाखवते. आणि त्याच आठवड्यात वीज कडाडली.

डिस्क वाचली होती. फाईल मिळाली, प्रोग्रॅमही जसाच्या तसा मिळाला. पण ती फाईल दुसऱ्या कशानंही उघडत नव्हती आणि प्रोग्रॅमला विंडोजच लागत होतं. दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरला बाबा हात लावू देईनात. माझ्याकडे कॉलेजचा जुना लॅपटॉप होता. विंडोजच्या ओझ्यानं तो रांगायला लागला तेव्हा मी त्याच्या जागी लिनक्स ही दुसरी, हलकी यंत्रणा टाकली होती आणि तो पुन्हा चालू लागला होता. तोच घेऊन मी सिस्टरांच्या टेबलावर बसले.

लिनक्सवर विंडोजचा प्रोग्रॅम चालवायला वाइन नावाची एक सोय असते. हे नाव ऐकून सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईनं दोन वाक्यं सलग बोलले. की ती काही तसली वाइन नाही. प्रोग्रॅम विंडोजच्या भाषेत जे जे मागतो, ते ती लिनक्सच्या भाषेत सांगते आणि आणून देते.

“म्हंजी दुभाषी,” सिस्टर म्हणाल्या. “मग सरळ सांग की. केंद्रावर बाहेरचा डॉक्टर यायचा, त्याला आपली बोली कळंना अन तांड्यावरच्या बाईला त्याची कळंना. ती म्हणायची पोटात आग पडली, मी डॉक्टरला सांगायची अॅसिडिटी. तसंच ना?”

तसंच होतं. मी आजवर वाचलेल्या स्पष्टीकरणांपेक्षा हे बरं होतं.

पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडलाच नाही. तो जुन्या घडणीचा होता, त्याला तशीच जुनी जागा वेगळी मांडून द्यावी लागली. मग उघडला आणि लगेच मिटला. सिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि लॅपटॉपकडे बाळंतिणीकडे बघावं तसं बघत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, हे मला विशेष वाटलं. माझ्या कंपनीत इतक्यात कोणीतरी तीनदा “काय झालं?” विचारलं असतं. सिस्टर मधूनच फक्त म्हणायच्या, “येऊ दे. ओढू नको.”

तो आला. चौकोन दिसले, रेषा दिसल्या. पण चौकोनांत नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा होता. सिस्टरांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “इथं माझी माय होती.”

मी मान हलवली. माणसं होती तिथंच होती. फक्त तो टायपिंगचा जुना फॉन्ट या घरात आलेला नव्हता. डिस्कमधून तो शोधला, वाइनच्या फॉन्टांमध्ये नेऊन ठेवला, प्रोग्रॅम पुन्हा उघडला. त्या कचऱ्यातून गिरजा वर आली. मग यमुना, मग सिस्टरांची आई ठकूबाई.

सिस्टरांनी एकेका नावावरून बोट फिरवलं. नंतर म्हणाल्या, “सून हाय बघ ही. परक्या घरी आली, तिची तिची चूल मांडून दिली की रांधाया लागली.” आणि माझी पापणी ओढून बघितली. “तुझंबी कमी हाय. खजूर खात जा.”

त्या खजूर आणायला आत गेल्या आणि मी, पूजाचं म्हणून, धोंडबा मल्हारीचा चौकोन उघडला. प्रोग्रॅमनं एक सूचना पुढं केली. खाली येसचं बटण. मी ते दाबलं नाही, वाचलं. आमच्या शाळेत दुसरं काही शिकवलं असो नसो, पुढ्यात आलेलं इंग्रजी शेवटपर्यंत वाचायला शिकवलं होतं. सूचना म्हणत होती, की या व्यक्तीला आईवडिलांच्या एकाहून जास्त जोड्या आहेत, असंच राहू द्यायचं का?

मी खाली बघितलं. धोंडबा मल्हारी. बाप मल्हारी. आई गिरजा. आणि पुन्हा, आई यमुना.

काय झालं होतं ते कळायला वेळ लागला नाही. मेंढरांमागच्या माणसांत मल्हारी आणि धोंडबा ही नावं घरटी एक. सिस्टरांनी कोकऱ्यांचा धोंडबा मल्हारी घातला होता. पुढं गोऱ्यांचा धोंडबा मल्हारी घातला तेव्हा प्रोग्रॅमनं विचारलं असणार, हे दोघं एकच का? आणि सिस्टरांनी आपला नियम पाळला असणार. दोन चौकोनांचा एक चौकोन झाला. त्याच्यामागून दोन मल्हारींचाही एकच झाला. बाया तेवढ्या एक झाल्या नव्हत्या, कारण त्यांची नावं वेगळी होती, माहेरं वेगळी होती.

म्हणजे सिस्टर ज्या मशीनच्या भरवशावर बैठकीत उभ्या राहणार होत्या, ते मशीन खंडू आबांच्या बाजूनं बोलत होतं.

त्या खजूर घेऊन आल्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि एक बोट गिरजेवर ठेवलं, एक यमुनेवर. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“मी येस दाबलं,” त्या म्हणाल्या.

मी माऊसकडे हात नेला. वेगळं करायला बटण नव्हतं, पण एक नवा धोंडबा करून त्याची माणसं त्याच्याकडे नेता आली असती. बैठकीत कोणाला कळलंही नसतं. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. नाडी बघतात तसं.

“आत्ता हात लावू नको. म्हणतील घरी बसून बदललं. जसं हाय तसं नेऊ.”

“पण...”

“चूक दिसती तिथं पट्टी बांधायची नसती गं पोरी. आधी जखम दाखवायची असती. मंग पट्टी.”

बैठक वारंग्याच्या अलीकडे, बिरोबाच्या देवळापुढच्या पत्र्याच्या मांडवात होती. पुरुष पुढं सतरंजीवर, गोऱ्यांकडचे एका बाजूला, बाया मागं खांबांना टेकून. लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि मी खुर्चीमागं, लॅपटॉपपेक्षा लहान होता येईल तितकी लहान होऊन. पूजा आईशेजारी बसली होती. खरंच रडत नव्हती.

खंडू आबांनी डोळे मिटून वंशावळ म्हटली. बिरूपासून धोंडबापर्यंत. “धोंडबा मल्हारी गेला औंढ्याकडं,” त्यांनी डोळे उघडले. “आता कौसाबाईचं मशीन काय म्हणतं ते ऐका.”

सिस्टर उठल्या. पदर खोचला.

“मशीन म्हणतं आबा बराबर हाइत,” त्या म्हणाल्या.

मांडवात कुजबुज उठली. संगीताताईंनी तोंडावर हात ठेवला. आबासुद्धा चकित झाले. त्यांची भांडणाची तयारी होती, होकाराची नव्हती.

“पर मशीनला हे कोणी सांगितलं? मी. त्यानं इंग्लिशमधे पुसलं, हे दोघं धोंडबा एकच का? मी न वाचता येस दाबलं. चूक माझी, माझ्या ह्या बोटाची. मशीनची बी न्हाई, आबांची बी न्हाई. आता बघा ह्या चुकीनं काय झालं.” त्यांनी लॅपटॉप उचलून आबांच्या मांडीवर ठेवला. “ह्यो धोंडबा. ही त्याची माय गिरजा. अन ही बी त्याची माय, यमुना. वाचा तुमीच.”

आबांनी वाचलं. “मल्हारीला दोन बायका असतील,” ते म्हणाले. “काहून न्हाई? असायच्या.”

“असू द्या. गड्याला बायका दोन असतील. लेकराला माय एकच असती. मी उभा जल्म लेकरं काढली, दोन बायांच्या पोटातून निघालेलं एक बी लेकरू बघितलं न्हाई.”

पहिलं हसू मागून, बायांकडून आलं. पुढच्या एका म्हाताऱ्यानं वळून बघितलं, तसं ते वाढलंच.

“मंग धोंडबा दोन असतील, पर बाप एकच,” आबांनी धरून ठेवलं. “सावत्र भाऊ.”

“दोघांचं बी नाव धोंडबा? एका घरात? मंग मल्हारी हाक मारायचा कोणाला?”

आता पुरुषही हसले. आबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. विचारात पडल्यासारखे दिसले. सिस्टरांचा आवाज मऊ झाला, मी तो तसा आधी ऐकला नव्हता.

“आबा, तुमी म्हणता त्या धोंडबाची माय कोण हुती? आपल्या कोकऱ्यांच्या?”

आबांनी डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. बिरूपासून खंडूपर्यंत सगळी वाट पाठ होती आणि त्या वाटेवर एकही बाई उभी नव्हती.

मागून, खांबाच्या आडून, आबांची बायको बोलली. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “गिरजाच की. माझी सासू सांगायची. धोंडबा झाला अन ती बाळंतपणातच गेली. शेळीच्या दुधावर वाढवलं त्याला.”

गोऱ्यांकडची एक म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली. “आमच्या यमुनेचा धोंडबा तर पोटचा, अन ती त्याच्या लग्नात नाचली म्हणं. सून आणली, नातू खेळवला, मंग गेली.”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या, मधल्या पुरुषांच्या डोक्यांवरून. कोणी काही ठरवायच्या आत ते ठरलं होतं. आबांनी लॅपटॉप जपून खाली ठेवला, दोन्ही हातांनी, आणि डोकं खाजवलं.

“मंग आपला धोंडबा गेला कुठं?”

“ते हुडकू,” सिस्टर म्हणाल्या. “पर पूजाच्या लग्नात जेवून.”

घरी आल्यावर मी दोन धोंडबा वेगळे केले. सिस्टर सांगत होत्या आणि मी माणसं हलवत होते. प्रोग्रॅमनं वाटेत बऱ्याच सूचना पुढं केल्या. पहिल्याच सूचनेला मी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं बोट येसकडे जाऊन मधेच थांबलं. “काय म्हणतं ते वाच आधी,” त्या म्हणाल्या. “मराठीत. जोरात.” त्या दिवसापासून मी त्यांची दुभाषी झाले. प्रोग्रॅम वाइनशी बोलायचा, वाइन लिनक्सशी, मी सिस्टरांशी, आणि सिस्टर बाकी सगळ्या जगाशी.

लॅपटॉप त्यांच्याकडेच राहिला. पुढं गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली तेव्हा तो त्यांनी मांडीवर ठेवून नेला, सामानात टाकू दिला नाही. तिकडेच राहिल्या आता. तिथंही सोसायटीतल्या बायांच्या पापण्या ओढतात असं मुलगी फोनवर सांगते. फोनवर सिस्टर मला एकच विचारतात, प्रोग्रॅमनं पुढं केलेलं काहीतरी अडखळत वाचून दाखवतात आणि म्हणतात, “व्हय म्हणू का नको?”

मला त्या आठवतात त्या पूजाच्या सुपारीच्या दिवशीच्या. संगीताताईंच्या अंगणात मांडव होता. सिस्टरांनी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि त्या नवऱ्या मुलाला उन्हाच्या बाजूला वळवून त्याची पापणी बघत होत्या. पूजा म्हणत होती, “आत्याआजी, मी तपासलंय त्याचं रक्त, लॅबमधे,” आणि सिस्टर म्हणत होत्या, “तुझ्या लॅबला काय कळतंय?” आबांनी सुपारी फोडली. मग वंशावळ म्हणायला बसले. या खेपेला अडखळत म्हणाले, कारण प्रत्येक नावापाशी थांबून बायकोकडे बघत होते आणि ती मागून एक बाईचं नाव पुढं सरकवत होती. लोकांना ते लांबलं. सिस्टर मांडीवर ताल धरून ऐकत होत्या.

जेवणं उठल्यावर मी आपली ताटं उचलायला लागले होते. आबांनी मला पाहिलं.

“कौसे, ही मशीनवाली पोरगी. कोणाची ही?”

एरवी सिस्टरांनी माझ्यासाठी उत्तर दिलं असतं. त्या बैठकीतही दिलं होतं, “आमची हाय.” या वेळी त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मांडवातले दहा-बारा चेहरे वळले. मेडिकलवाल्यांची हा शब्द तयारच होता, ओठांपाशी.

सुपारीच्या आदल्या आठवड्यात मी आईला तिच्या आजीचं नाव विचारलं होतं. आईला नक्की आठवेना, तिनं थोरल्या मावशीला फोन लावला, आणि मग त्या दोघी माझ्याशी बोलायचं सोडून एकमेकींशीच तासभर बोलत बसल्या.

मी हातातली ताटं खाली ठेवली.

“मी ऋता,” मी म्हणाले. “मंगलची लेक. कावेरीची नात. भागीरथीची पणती.”